मदत हवी आहे: भाड्याच्या फ्लॅटची देखभाल बाहेर द्यावी का? (जळगाव)

महाबळ_प्रॉपर्टी: एजंट म्हणून ४० भाड्याचे फ्लॅट आहेत. मालक बहुतेक पुण्या-मुंबईला, त्यामुळे नळ, मोटर, कूलर, गळती, सगळे फोन इकडेच. नवीन घरं दाखवायला वेळ उरत नाही. सगळी देखभाल एका कंत्राटदाराला दिली तर फायदा काय, आणि करारात काय लिहावं?

गिरणाकाठ: भाऊ, वेळ वाचेलच, त्याहून मोठं म्हणजे संशय सुटेल. प्लंबरला पैसे तुम्ही दिले आणि मालकाकडून वसूल केले, की 'यात याचे किती?' हा प्रश्न आलाच. बिल मालकाच्या नावाने, पैसे मालकाकडून थेट कंत्राटदाराला. तुमचं देखरेखीचं शुल्क उघड आणि वेगळं घ्या. सामानात कमिशन ठेवलंत तर कंत्राटदार हलका नळ बसवणार आणि तक्रार पुन्हा तुमच्याकडेच.

करारात भेटशुल्क, मजुरी, सामान हे तिन्ही वेगळे लिहा. ठरावीक रकमेपर्यंत (समजा १००० रुपये) न विचारता काम, पुढे मालकाचा व्हॉट्सॲपवर होकार. कामाआधीचा-नंतरचा फोटो हवा, काढलेला जुना पार्टही दाखवायचा. पाणी वाहतंय किंवा वायर जळाल्याचा वास येतोय, तर त्याच दिवशी. बाकी ४८ तासांत.

महाबळ_प्रॉपर्टी: वार्षिक ठोक रक्कम की कामागणिक?

भुसावळ_४५_अंश: दुरुस्ती कामागणिक. ठोकमध्ये तो येणंच टाळतो. फक्त हंगामी तपासणी ठोक द्या, कारण आपल्याकडचं काम उन्हाळ्यावर चालतं.

मार्चमध्ये कूलर: पॅड, पंप, अर्थिंग. पंपाची वायर सोलली की पत्र्याच्या बॉडीत करंट उतरतो, म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवी आणि तिचं टेस्ट बटण दाबून पाहायचं. बोरचं पाणी जड असेल तर गीझरच्या एलिमेंटवर क्षाराचा थर बसतो. नळ गळत असेल तर नुसता वॉशर बदलून बऱ्याचदा भागत नाही, स्पिंडलही (नळ फिरवला की आत फिरणारा दांडा) पाहावा लागतो.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग पावसाआधी, मेअखेर. इथेच सगळ्यात जास्त फसवाफसवी. धुळीवरच कोट मारून मोकळे होतात. भेग व्ही आकारात खोदून पॉलिमर मॉर्टर (चिकट रसायन मिसळलेला सिमेंटचा माल) भरायचं, कठड्याच्या सांध्यातला वाटा (कोपऱ्यातला सिमेंटचा गोलसर उतार) दुरुस्त, मग कोटचे दोन हात एकमेकांना आडवे. सिमेंटचा कोट तापल्या स्लॅबवर भर दुपारी मारला तर पाणी उडून जातं, कोट पापुद्र्यासारखा सुटतो. सकाळी लवकर, स्लॅब ओला करून मारायचा. पूर्ण वाळला की ४८ तास पाणी उभं करा, खालच्या छताचा फोटो घ्या, मगच शेवटचा हप्ता.

महाबळ_प्रॉपर्टी: आणि मोडतोड भाडेकरूची की जुनेपणाची, हा वाद?

गिरणाकाठ: ताबा देतानाचे फोटो ठेवा आणि कंत्राटदाराकडून दुरुस्तीचं कारण लेखी घ्या. कुठली दुरुस्ती कोणाकडे, हे लिव्ह अँड लायसन्स करारातच घाला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत लागतोच. त्या करारात अट एकच वाढवायची आहे.

महाबळ_प्रॉपर्टी: आधी १० फ्लॅट देऊन बघतो. धन्यवाद भाऊ.