वसंतदादा पाटील: कारखान्यातून मतं येतात म्हणजे नेमकं काय?

आडसाली: वसंतदादांवर टिपण काढतोय. १९४३ चा तुरुंग आणि १९७७ चं मुख्यमंत्रिपद यांच्यामधलं सगळं पुस्तकांत 'सहकारात भरीव कार्य केले' एवढ्यावर उरकलेलं असतं. पद्माळ्याच्या शेतकरी घरातला, बेताची शाळा शिकलेला माणूस ऊस गाळून मुख्यमंत्री कसा होतो? सहकारी साखर कारखान्याचा आणि मतांचा सांधा कुठे आहे?

खोडवा: आधी सनावळी. जन्म १९१७. २४ जुलै १९४३ ला सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर. १९५२ ला आमदार. मंत्रिपद मात्र थेट १९७२ ला, वसंतराव नाईकांच्या मंत्रिमंडळात, पाटबंधारे खातं. तुमचं उत्तर या वीस वर्षांत आहे: सांगलीचा कारखाना आणि पक्षसंघटना. मे १९७७ ला मुख्यमंत्री, जुलै १९७८ ला शरद पवार त्यांच्या सरकारातून बाहेर पडले आणि सरकार गेलं. फेब्रुवारी १९८३ ते जून १९८५ पुन्हा मुख्यमंत्री, मग राजस्थानचं राज्यपालपद.

बांधकरी: सांधा विचारलात तर तो तोडणीच्या तारखेत आहे. सहकारात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. दोन एकरवाला आणि चाळीस एकरवाला तिथे सारखेच, म्हणून छोट्या शेतकऱ्याला सांभाळावंच लागतं. उसाची लागण (लागवड) केली की कारखान्याच्या गट ऑफिसला नोंद होते आणि त्या क्रमाने तोडणीचा प्रोग्रॅम लागतो. जुलै-ऑगस्टची आडसाली लागण सोळा-अठरा महिन्यांनी तोडायला येते. तोड महिनाभर लांबली की तुरे येतात, वजन घटतं, रान मोकळं होत नाही, उसानंतर घ्यायचा हरभरा हुकतो. तुटलेला ऊसही चोवीस तासांत गव्हाणीत, म्हणजे गाळपाला, पडायला हवा, नाहीतर उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) खाली. त्यामुळे तोडणी कामगारांची टोळी कुणाच्या फडात आधी जाते हे अख्खं गाव बघत असतं. नंबर डावलला तर ते घर मतपेटीत दिसतं. जाहीर सभेत कुणी बोलणार नाही. ज्या अध्यक्षाला गावोगावचे चिटबॉय (तोडणीच्या चिठ्ठ्या बघणारे कारखान्याचे कर्मचारी) नावानिशी माहीत, त्याला विधानसभेसाठी वेगळी यंत्रणा उभी करावी लागत नाही.

खोडवा: बरोबर. फक्त टिपणात एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर भाव) घालू नका, ती २००९ नंतरची. दादांच्या काळात किमान वैधानिक भाव होता. 'चौदा दिवसांत पैसे, नाहीतर पंधरा टक्के व्याज' हा नियम ऊस नियंत्रण आदेशातला.

आडसाली: आणि कारखान्यातून सत्तेकडे जाणारी ही शिडी मोडते कुठे?

बांधकरी: बहुतेक वेळा ऊसबिलात, म्हणजे उसाच्या पैशात. उतारा घसरला, साखर गोदामात पडून राहिली, बँकेने ती साखर तारण धरून दिलेली उचल व्याजात गेली, की पहिलं बिल लांबतं. सभासदाचं पीककर्ज त्याच बिलातून कर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीला वळतं होतं, म्हणजे बिल थांबलं की गावची सोसायटीही थकते. स्वतः संचालक थकबाकीदार निघाला तर सहकार कायद्याने पदच जातं, आणि विरोधक नेमका तोच थकबाकीचा कागद काढून निवडणूक अर्जाच्या छाननीला आणतात.

दादांचं आणखी एक नोंदवा: विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी १९८३ ची, त्यांच्याच कारकिर्दीतली. पुढे कारखान्यांच्या आवारात कॉलेजं दिसू लागली त्याचं मूळ तिथे आहे. सहकारवाल्यांना त्यातून नोकऱ्या आणि प्रवेश हे दुसरं चलन मिळालं. माझ्या मते ऊसबिलापेक्षा ते जास्त टिकलं.