ओफ्रेन्दा : नैवेद्य, आरास की आणखी काही?

मुक्ता_अ: मेक्सिकोच्या 'दिया दे मुएर्तोस'वरचा, म्हणजे मृतांच्या दिवसावरचा लेख भाषांतराला आलाय. 'ओफ्रेन्दा'ला नैवेद्य म्हटलं, तर पुढेच 'नैवेद्याच्या सात पायऱ्या' आल्या. 'वेदी' म्हटलं की होम आठवतो. सुचवा.

बोरूबहाद्दर: मूळ अर्थ 'अर्पण केलेलं', एवढाच. पण नाव पडलंय सगळ्या मांडणीला: दोन, तीन किंवा सात पायऱ्या, त्यांवर फोटो, पाण्याचा पेला, मीठ, मेणबत्त्या, कोपालचा धूप. सरळ 'आरास' लिहा.

तत्सम: आरास गौरीगणपतीची. हे पितृकार्य आहे. 'पितृपीठ' घ्या.

बोरूबहाद्दर: कुठल्या गिरणीतून आणायचं हे पीठ? शिवाय १ नोव्हेंबर गेलेल्या लहानग्यांचा, 'आन्हेलितोस'चा. मोठ्यांची २ तारीख. चार वर्षांचं पोर पितर कसं?

काकबळी: 'पान' म्हणा. पितरांचं पान वाढतो, तसंच. त्यांच्याकडेही 'पान दे मुएर्तो' आहेच, शब्दसुद्धा तोच!

पणजीकर: अहो, ते पान म्हणजे पाव. लॅटिन 'पानिस'ची ही लेकरं. आपला पावही पोर्तुगीजांमार्फत तिथलाच. केळीच्या पानाशी काडीचं नातं नाही. आणि आपण कावळ्याची वाट बघतो. तिथे मृतांनी वास घेतला की घरचेच जेवतात.

तत्सम: निदान 'सेम्पासूचिल'ला झेंडू करू नका. दसरा डोळ्यांपुढे येतो.

बोरूबहाद्दर: येऊ दे की, झेंडू मूळचा तिथलाच! तिथल्या जुन्या नाहुआत्ल भाषेत 'सेम्पोआल्ली' म्हणजे वीस, 'शोचित्ल' म्हणजे फूल. वीस म्हणजे पुष्कळ, पाकळ्यांवरून. आपली कोडीही विसाचीच, तेव्हा हवं तर 'कोडीफूल' म्हणा. फक्त दारापासून ओफ्रेन्दापर्यंत वाट आखतात ती सुट्या पाकळ्यांची, तिथे 'तोरण' लिहू नका.

मुक्ता_अ: पण ओफ्रेन्दा?

काकबळी: 'मृतांचा पाव' वडापावच्या गाडीवरचा वाटतो. त्यापेक्षा 'हाडांचा पाव'.

पणजीकर: हाडं असतात, पण कणकेची. गोल पावावर आडव्यातिडव्या वळ्या, मधोमध कवटीचा गोळा. अर्धा किलो मैद्याला ४ अंडी, सव्वाशे ग्रॅम लोणी, वासाला संत्र्याची साल. हाडांच्या गोळ्यात मूठभर मैदा जास्त घाला, नाहीतर भट्टीत पसरून सपाट होतात. साखर पाव कोमट झाल्यावर, वर लोणी लावून. गरमावर विरघळते.

तत्सम: 'कणीक' पोळीच्या पिठाची. मैद्याचा 'उंडा' म्हणा.