स्क्रोल सॉ : मोटरपेक्षा पात्याचा विचार आधी
स्क्रोल सॉ म्हणजे वर-खाली चालणाऱ्या बारीक पात्याने लाकडात नक्षी कापणारी यांत्रिक करवत. तिची मोटर किती वॉटची असावी यावर बराच खल होतो. माझ्या मते त्याहून महत्त्वाचे हे की यंत्रात पिन (पात्याच्या टोकांना असलेली आडवी खिळी) नसलेली ५ इंची पातीही बसली पाहिजेत, कारण जाळीकामात आतला भाग कापण्यासाठी आधी भोक पाडून त्यातून पाते ओवावे लागते आणि पिनच्या पात्याला ते भोक बरेच मोठे लागते. सुरुवात ६ मिमी प्लायवूडवर करावी. खालच्या बाजूच्या कपच्या निघू नयेत म्हणून काही पात्यांना तळाशी उलटे दात असतात. ती थोडी महाग पडली तरी नंतर लाकूड घासून गुळगुळीत करण्याचे काम वाचते. वळणावर लाकूड रेटू नये, अन्यथा पाते वाकून काप तिरका जातो. पात्याचा ताण सैल असला तरी हेच घडते, आणि दोष मात्र हाताला दिला जातो.