डेस्कटॉप काढून लॅपटॉप घेतलेल्यांनो, लिहा जरा

सातारा, शाहूपुरीतनं लिहितोय. घरचा डेस्कटॉप २०१४ चा, चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, अजून चालतोय बिचारा, पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ह्याच्यावर रीतसर चढत नाही, त्याला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते म्हणे. पोवई नाक्यावर विचारायला गेलो तर दुकानातला पोरगा म्हणतो, "काका, आता डेस्कटॉप कोण घेतंय, लॅपटॉपच न्या." कंपनी कुठली घेऊ हे मी विचारत नाहीये, त्याचे व्हिडिओ बघून डोकं उठलंय. घरी आणल्यावर तुमचं काय फसलं आणि काय बरं झालं, तेवढं लिहा.

*

विश्रामबाग, सांगली. टॅक्सची कामं करतो. हौसेनं हलका १४ इंची घेतला, घरी येऊन टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) उघडलं आणि बघतो तर उजवीकडं आकड्यांचा पट्टाच नाही ओ! वीस वर्षं न बघता आकडे मारणारा हात हा, वरच्या ओळीतले आकडे शोधता शोधता एका पार्टीच्या एंट्र्यांना दुपार झाली. शेवटी नुसत्या आकड्यांचा यूएसबी कीपॅड आणला. १५.६ इंचीत बऱ्याचदा पट्टा असतो पण सगळ्यांत नाही, दुकानात उघडून बघा.

दुसरं म्हणजे जुन्यात आय-५ होता, नवा आय-७, मला वाटलेलं नुसता पळणार. प्रोसेसरच्या नंबराशेवटी यू होता ते बघितलंच नाही. यू म्हणजे बॅटरी टिकावी म्हणून कमी वीज खाणारा, १५ वॅटच्या आसपासचा. एच असला तर ४५ च्या घरात, त्याला जोर जास्त आणि पंखाही बोंबलतो. माझ्या कामाला यू पुरतो, पण मग त्यातला आय-५ पण पुरला असता की. बिलावर आपला जीएसटी नंबर टाकून १८ टक्क्यांचं क्रेडिट घेतलं, एवढंच काय ते शहाणपण.

*

आमचं सांगली मार्केट यार्डात हळदीचं आडत दुकान. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब, वडिलांच्या काळापासनं फॉक्सप्रोच्या, म्हणजे जुन्या डॉसवरच्या प्रोग्रॅमवर निघते, काळा पडदा, माऊस नाही काही नाही, आणि डॉट मॅट्रिक्सवर कार्बन घालून तीन प्रती. लॅपटॉप आणला, पोरानं सगळं फोल्डर कॉपी केलं, प्रोग्रॅम उघडेचना. डॉसचं असलं जुनं काही ६४ बिटाच्या विंडोजवर चालत नाही आणि विंडोज ११ नुसती ६४ बिटातच येते, हे आम्हाला पैसे दिल्यावर कळलं. मग पोरानं डॉसबॉक्स (जुने डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून उघडून दाखवला, आम्ही खूश, तर पुढं प्रिंटर आडवा आला. त्याची जाड २५ पिनांची केबल, लॅपटॉपला तसलं भोकच नाही. यूएसबीची कन्व्हर्टर केबल आणली, नोटपॅडमधनं छापतंय आणि प्रोग्रॅममधनं ढिम्म. सौदा झालेला, शेतकरी गादीवर बसलेला, घरी जायची एसटी चारची, आणि आम्ही हातानं पट्टी लिहितोय. दिवाणजी लांबनं बघत होते, म्हणाले, "मालक, जुनं खोकं काढू नका तेवढं." नाही काढलं. त्याचं इंटरनेट तोडलंय, ते फक्त पट्टीला. लॅपटॉप जीएसटी, बँक आणि पोराच्या क्रिकेटला.

*

वरती लिहिलेलं वाचून हसू आलं पण आमचं उलटं आहे, आम्ही सांगलीच्या गावभागातले. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोका पातळी ४५. त्याआधी २००५ ला आमच्या पायरीशी येऊन थांबलेलं, म्हणून यंदाही तेवढंच येईल ह्या हिशोबानं सीपीयू टेबलावर चढवला, वर प्लॅस्टिक टाकलं आणि माधवनगरला पाहुण्यांकडं गेलो. परत आलो तर टेबल आडवं आणि सीपीयूच्या जाळीतनं चिखल गळतोय. दुरुस्तीवाल्यानं हार्ड डिस्क हातात घेऊन परत माझ्याच हातात दिली. मुलीच्या बारशापासनं चौथीपर्यंतचे सगळे फोटो त्यात होते. बायको आठ दिवस त्या विषयावर बोलली नाही, नंतर बोलली ते इथं लिहीत नाही. त्यानंतर लॅपटॉप घेतला, स्पीड बिड काही बघितला नाही, पिशवीत मावतो का एवढंच बघितलं. २०२१ ला पाणी वाढायला लागल्यावर लॅपटॉप, चार्जर, रेशनकार्ड आणि देवातली अन्नपूर्णा एकाच पिशवीत. फोटो आता बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क मिरजेला मेव्हण्याच्या कपाटात.

*

कराड. पत्रिका, फ्लेक्स, अहवाल. जुनी डिस्क फेकू नका, पण एक ऐका. डेस्कटॉपची डिस्क साडेतीन इंची असते, ती नुसत्या यूएसबीच्या करंटवर फिरत नाही. मी स्वस्तातलं केसिंग (डिस्क घालून यूएसबीला जोडायची डबी) आणलं, ते अडीच इंचीचं निघालं. साडेतीनला वेगळा ॲडॅप्टर असलेलंच लागतं. जुना मोठा मॉनिटर मी ठेवला, लॅपटॉपच्या १५ इंचात पत्रिकेचं डिझाईन करायचं म्हणजे डोळ्याची आरती. टाइप-सी दिसतंय म्हणून टाइप-सी ते एचडीएमआय केबल घेतली, पडदा काळाच. सगळ्या टाइप-सीतनं चित्र बाहेर येत नाही. दुकानदाराला "ह्यातनं डिस्प्ले निघतो का" असंच विचारायचं, आणि तो हो म्हणाला की तिथंच लावून दाखव म्हणायचं.

*

वाईहून. मान. सहा महिने मान खाली घालून काम केलं, मग डॉक्टर. आता लॅपटॉप दोन जाड डिक्शनऱ्यांवर आणि पुढ्यात जुनाच कीबोर्ड. दिसायला परत डेस्कटॉपच झालाय, फक्त लाईट गेली की बंद पडत नाही.

*

मी गृहिणी आहे, सातारा, सदर बझार. आमच्याकडं पंधरा वर्षं हॉलमधे कॉम्प्युटर होता, त्यावर मी पाककृती टाईप करायचे, सासरे शेअर बघायचे, पोरगा गेम. तो भंगारात दिला आणि लॅपटॉप घेतला "सगळ्यांसाठी". जूनमधे पोरगा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, लॅपटॉप त्याच्या सॅकमधे गेला. सासरे अजून त्या कोपऱ्यातल्या रिकाम्या टेबलावर पेपर वाचत बसतात. ज्यांच्याकडं बारावीतला मुलगा आहे त्यांनी एक वर्ष थांबा.

*

धातूच्या बॉडीचा घेताय तर घरात अर्थिंग तपासून घ्या, आमच्या जुन्या वाड्यात चार्जिंगला लावून हात टेकवला की मुंग्या यायच्या. मला वाटलं लॅपटॉपच बिघडलाय, वायरमननं बोर्ड उघडून दाखवला, तिसऱ्या पिनला वायरच नव्हती.

*

परत मीच, शाहूपुरी. सगळं वाचून काल टेबल पुढं ओढलं आणि मागं टॉर्च मारून बघितलं. मॉनिटर निळ्या पिनचा, कीबोर्ड गोल पिनचा, प्रिंटर यूएसबी, डिस्क अर्थात साडेतीन इंची. मुलगी यंदा अकरावीत. रविवारी पोवई नाक्यावर जाणार होतो, ते आता जरा पुढं ढकललंय. गोल पिनच्या कीबोर्डाला कन्व्हर्टर मिळतं का ओ, त्याच्यावर मराठीचे स्टिकर मी हातानं चिकटवलेत.