थंडी पडली तरी तलाव रिकामे: हवामान पाहून स्थलांतरित पक्ष्यांचा अंदाज कसा बांधायचा?

पाखरांची_शाळा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नोव्हेंबर सरत आला, नागपुरात रात्रीचा पारा १३ अंशांवर उतरला, तरी यंदा उमरेड रस्त्याच्या तलावांवर बदकं म्हणावी तशी येऊन नाही राहिली. पारडगावला पट्टकादंब (बार-हेडेड गूज) नाहीत. थापट्या आणि तलवार बदकंही तुरळकच. जिकडे पाहावं तिकडे नुसतं पाणी. पाऊस यंदा ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत लांबला होता.

थंडी कमी म्हणून पक्ष्यांना उशीर होतो का? वारा, ढग, हवेचा दाब यातलं नेमकं काय बघायचं? आणि कोणती सकाळ चांगली जाईल, हे दोन-तीन दिवस आधी कळू शकतं का? सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन जाणार आहे, म्हणून जरा भरवशाचा अंदाज हवा.

वायुभार

ताई, नागपूरचा पारा पाहून पक्ष्यांची वाट बघू नका. त्यांना निघायला लावतो तो त्यांच्या मूळ मुलखातला ऋतू, आणि तिथेही पहिला इशारा थंडीचा नसतो, दिवस लहान होण्याचा असतो. दिवस आखडला की शरीरातली संप्रेरकं बदलतात, भूक वाढते, कातडीखाली चरबी साठू लागते. लांबचा पल्ला मारणाऱ्या लहान पक्ष्यांचं वजन या चरबीने दीडपट, काहींचं तर जवळजवळ दुप्पट होतं. हिरवी तुतारी, ठिपकेवाली तुतारी, करडा धोबी हे पक्षी ऑगस्ट-सप्टेंबरातच विदर्भात हजर असतात. तेव्हा इथे थंडीचा मागमूस नसतो, उलट उकाड्याने जीव नको झालेला असतो.

बदकं आणि कादंब थोडे वेगळे. ते शक्य तितकं रेंगाळतात. मध्य आशिया, सायबेरिया, मंगोलियातली उथळ पाणी गोठू लागली, गवतावर बर्फ बसला, की चारा बंद आणि मग निघावंच लागतं. म्हणून त्यांची तारीख दर वर्षी पुढे-मागे होते. थंडी महत्त्वाची खरी, पण ती तिकडची.

कोणत्या रात्री उडायचं हे बहुतेक वेळा वारा ठरवतो. बदक स्वतःच्या ताकदीवर ताशी ६० ते ७५ किलोमीटर उडतं, छोटा वटवट्या ३५-४०. वटवट्याला मागून २५ चा वारा मिळाला तर जमिनीवरून तो ६०-६५ ने पुढे सरकतो. तोच वारा समोरून आला तर जेमतेम १०-१५ उरतात, आणि चरबी मात्र तेवढीच जळते. त्यामुळे लहान पक्षी समोरच्या वाऱ्यात निघतच नाहीत, आहेत तिथे झाडोऱ्यात चरत थांबतात.

आता काय बघायचं ते. विंडीसारख्या हवामानाच्या अ‍ॅपवर बहुतेक जण जमिनीलगतचा वारा बघतात आणि तिथेच चुकतात. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर निवते, खालची गार हवा जागच्या जागी बसते आणि नागपुरात पान हलत नाही. पण वर ५०० ते १५०० मीटरवर वारा चालूच असतो, आणि रात्रीचे पुष्कळसे पक्षी तिथूनच जातात. म्हणून उंची बदलून ९२५ आणि ८५० हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचे थर) घ्या, म्हणजे साधारण ७५० आणि १५०० मीटर. दिल्ली-ग्वाल्हेर-जबलपूर-नागपूर या पट्ट्यावर रात्री ८ ते पहाटे ५ चा वारा पाहा. उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून ताशी १५ ते ३० चा असेल आणि आभाळ मोकळं असेल, तर ती प्रवासाची रात्र.

दाबाच्या नुसत्या आकड्याला फार अर्थ नाही, त्याचा कल बघा. पश्चिमी प्रक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारा ढग-पावसाचा पट्टा, उत्तरेतून जात असताना आपल्याकडे बऱ्याचदा ढग येतात, दाब उतरतो, किमान तापमान वाढतं, वारा दक्षिण किंवा आग्नेयेचा होतो. तेवढे दिवस स्थलांतर अडखळतं. तो पुढे सरकला की आभाळ धुतल्यासारखं होतं, दाब चढतो, कोरडा उत्तरेचा वारा सुटतो आणि नागपूरचा किमान पारा एक-दोन रात्रींत चार-पाच अंशांनी खाली येतो. पक्षीही त्याच वाऱ्यावर येतात. थंडीने पक्षी आणले असं आपल्याला वाटतं ते यामुळेच; प्रत्यक्षात दोघांना आणणारा वारा एकच. आभाळ मोकळं झाल्यावरच्या दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी जा. अशी साखळी अंदाजात तीन दिवस आधी बऱ्यापैकी दिसते, पाचव्या दिवसापुढच्या नकाशावर मात्र मुलांची सहल ठरवू नका.

ऑक्टोबर ते डिसेंबरात बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळाचे अवशेष विदर्भावर आले तरी असंच होतं. दोन-तीन दिवस ढग, रिमझिम, पूर्वेचा वारा, आणि वाट अडते.

पाणकाठ

वायुभार यांनी वारा नीट समजावला आहे. पण ताई, तुमच्या तलावांवर पक्षी नसण्याचं कारण तुमच्याच प्रश्नात लिहिलेलं आहे: "जिकडे पाहावं तिकडे नुसतं पाणी."

वारा पक्ष्यांना नागपूरवर आणून सोडतो. ते इथे उतरून राहतील की पुढे जातील, हे तलावाची खोली ठरवते. तलवार बदक शेपटी वर करून पाण्यात मान घालतं तेव्हा त्याची चोच फार तर ४०-५० सेंटिमीटरपर्यंत पोहोचते. चक्रांगाला १०-२० सेंटिमीटर पाणी लागतं. शेकाट्या लांब पायांमुळे १५-२० पर्यंत चालतो. टिलव्याला तर घोटाभर, २ ते ४ सेंटिमीटर पाणी आणि ओला चिखल हवा. पाऊस लांबला की तलाव काठोकाठ राहतात, पाणी थेट बेशरमीच्या झुडपांना भिडतं आणि उथळ पट्टाच उरत नाही. अशा तलावावर डुबी मारणारी लालसरी आणि शेंडी बदकं दिसतील, कारण त्यांना दोन मीटर खोलीही चालते. बाकीचे वरून घिरटी मारून पुढे जातात.

म्हणून हवामानाच्या नकाशाआधी पाण्याची रेघ बघा. काठावर खुंटी ठोका, तिच्यावर दर ५ सेंटिमीटरला रंगाची खूण करा, आणि रोज त्याच वेळी पाणी किती उतरलं ते लिहा. भिंतीच्या बाजूला खुंटी लावू नका, तिथे उतार उभा असतो आणि काही कळत नाही. ज्या बाजूने ओढा तलावात शिरतो तिथे लावा. त्या बाजूला जमीन इतकी सपाट असते की पाणी १० सेंटिमीटर उतरलं तर दहा-वीस मीटर रुंद चिखल उघडा पडतो. ओल्या चिखलातल्या अळ्या आणि किडे पहिल्या काही दिवसांतच सापडतात, ऊन लागून वर पापुद्रा धरला की चोच आत जात नाही. पाणी हळूहळू, सतत उतरणारा तलाव म्हणूनच सगळ्यात चांगला.

नोव्हेंबरात बाष्पीभवनाने पाणी उतरायला वेळ लागतो. खरा फरक पडतो रब्बीचं आवर्तन, म्हणजे पिकांसाठी कालव्याची पाळी, सुटल्यावर. कालव्याला पाणी कधी सोडणार, हे गावातल्या पाणी वापर संस्थेत किंवा पाटबंधारे शाखेत विचारलं की सांगतात. आवर्तन सुरू झाल्यावर आठ-दहा दिवसांनी त्या तलावावर जा. पुढे काठावर गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळात पेरणी) सुरू झाली की माणसांचा वावर वाढतो आणि पाणलावे, टिलवे सरकतात, म्हणजे मधला काळ मोलाचा. तोवर मोठे प्रकल्प सोडून लहान मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि गावतळी धुंडाळा, ती आधी उतरतात.

पाखरांची_शाळा

दोघांचेही मनापासून आभार. खुंटीचं काम मुलांनाच देते. अजून एक विचारते: पट्टकादंबांनाही हाच वाऱ्याचा नियम लागू होतो का? आणि रात्री पक्षी जातात हे मुलांना दाखवता येईल का? ऐकून त्यांना पटत नाही.

गोरेवाडा_पहाट

पट्टकादंबांचं गणित जरा निराळं आहे. उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं लावून त्यांचा अभ्यास झाला आहे. हिमालय ओलांडताना ते बहुतेक वेळ ६००० मीटरच्या खालीच राहतात, त्या अभ्यासात नोंदलेली कमाल उंची ७२९० मीटर आहे. दुपारी डोंगरउतारावरून वर चढणारा वारा फुकटात उचलून देईल असं आपल्याला वाटतं, पण ते रात्री आणि भल्या पहाटे चढतात. तेव्हा हवा गार, म्हणून दाट असते. पंखाला जोर मिळतो, आणि वारे शांत असल्याने हेलकावे बसत नाहीत. म्हणजे त्यांना पाठीवरच्या वाऱ्यापेक्षा शांत, गार हवा महत्त्वाची. इकडे आल्यावर ते दिवसा पाण्याकाठी विसावतात आणि रात्री-पहाटे गहू, हरभऱ्याच्या शेतात चरतात. बघायचे तर सूर्योदयाला तलावावर हजर राहा, शेतातून परतताना थवा डोक्यावरून जातो. गळ्यात पट्टा दिसला तर त्याचा रंग आणि अक्षर-आकडे लिहून घ्या, मंगोलियात पट्टे घातलेले कादंब भारतात दिसलेले आहेत.

रात्रीचं दाखवायला पौर्णिमा धरा, दोन दिवस अलीकडे-पलीकडे चालतं. २० ते ३० पट वाढवणारी दुर्बीण तिकाटण्यावर लावून चंद्रावर रोखा आणि रात्री ९ ते ११ एकेका मुलाला दहा-दहा मिनिटं डोळा लावू द्या. चंद्राच्या तबकडीवरून काळी ठिपक्याएवढी आकृती एक-दोन सेकंदांत सरळ रेषेत जाते. कडा रेखीव आणि वाट सरळ असेल तर पक्षी. मोठी, धूसर आणि वळत-वळत गेली तर जवळचं वटवाघूळ किंवा किडा, ती मोजू नका. चंद्राला घड्याळ समजून "नऊकडून पाचकडे" असं लिहायला सांगा, शेजारी वेळ लिहा. वायुभार यांनी सांगितली तशी उत्तरेच्या वाऱ्याची रात्र मिळाली तर बरंच दिसेल. ढगाळ रात्री हा खटाटोप करू नका. एकाच्या डोळ्याला वीस मिनिटांहून जास्त काम देऊ नका, चंद्राच्या उजेडाने डोळा दिपतो आणि आकृत्या निसटतात.

शिकारी पक्षी आणि करकोचे मात्र दिवसाच. ऊन तापून हवेचे गरम झोत उठले की त्यावर गोल फिरत वर चढतात आणि तरंगत पुढे जातात. त्यांच्यासाठी सकाळी १० ते दुपारी ३.

वायुभार

पुढच्यासाठी आणखी दोन गोष्टी. फेब्रुवारी-मार्चात परतीच्या वेळी वाऱ्याचा हिशेब उलटा होतो, दक्षिणेचा वारा म्हणजे निघायची वेळ. त्याच काळात विदर्भात गारपीट होते. वादळी ढगांचा इशारा असेल त्या दिवशी मुलांना उघड्या काठावर नेऊ नका.

दुसरी गोष्ट जूनची. चातक आणि नवरंग या दोन पक्ष्यांवरही लक्ष ठेवा. आपल्याकडे येणारे चातक आफ्रिकेतून अरबी समुद्रावरून येतात, नैर्ऋत्य मोसमी वारा पाठीशी घेऊन. अंडी घालायला चातकाला सातभाई पक्ष्याचं घरटं लागतं, आणि सातभाईची वीण पावसाने किडे वाढतात तेव्हा भरात असते. नवरंग देशातल्या देशात दक्षिणेकडून सरकतो, मे अखेरीस-जूनमध्ये इथल्या जंगलात पहाटे त्याची दुहेरी शीळ ऐकू येते. या दोघांची पहिली नोंद आणि मोसमी पाऊस नागपुरात पोहोचल्याची हवामान खात्याची तारीख एकाच वहीत शेजारी-शेजारी लिहा. वर्षागणिक मुलं बदलतील, वही तीच ठेवा.

पाणकाठ

आणि खुंटीवर तारीख घालायला विसरू नका. साधा रंग पाण्यात महिनाभरात सुटतो, ऑइल पेंटच वापरा. पहिली खूण सकाळीच करा, दुपारी वाऱ्याने पाणी एका काठाला सरकतं आणि आकडा दोन-तीन सेंटिमीटरने फसवतो.