विषय: सुपरचार्ज्ड सेडानचं इंजिन गेलं, आता कुठलं बसवू?

प्रेषक: बंडू

मंडळी,

विषय मंडळाचा नाही हे कबूल. पण या मेल-यादीवर इंजिनात हात काळे केलेली दोन-चार माणसं आहेत, म्हणून इथेच विचारतो.

माझी कॅडिलॅक सीटीएस-व्ही, २०१२ची. ६.२ लिटरचं एलएसए इंजिन, कंपनीतून निघाली तेव्हा ५५६ हॉर्सपॉवर. आधीच्या मालकाने सुपरचार्जरची (इंजिनात दाबून हवा भरणारा पंप) वरची पुली लहान केली होती, म्हणजे तो जास्त जोरात फिरतो, आणि मी ट्यूनिंग करून घेतलं. गेल्या शनिवारी ट्रॅकवर चौथ्या गिअरमध्ये पाय पूर्ण खाली होता आणि आरशात नुसता निळा धूर. बॉनेट उघडलं तर ऑइलची डिपस्टिक आपणहून बाहेर आलेली. ७ नंबर सिलिंडरचं कॉम्प्रेशन (हवा दाबून धरायची ताकद) निम्म्यावर, बाकीची सगळी ठणठणीत.

आता परत तेच इंजिन घालायची इच्छा नाही. डोक्यात तीन आहेत: लोखंडी ब्लॉकचं (मुख्य सांगाड्याचं) ७.४ लिटरचं एलएसएक्स ४५४, एलएस९, नाहीतर नवं एलटी४. खर्च एकदाच करायचा आणि पुन्हा बॉनेट उघडायचं नाही. काय घेऊ?

बंडू

प्रेषक: नाना

एलएसएक्स घे. लोखंड ते लोखंड. आमच्या वेळी अ‍ॅल्युमिनियमची भांडी असायची, इंजिनं नव्हे.

नाना

प्रेषक: ताई

बंडू,

इंजिन निवडायच्या आधी मोडलं काय ते बघ. तू लिहिलंयस त्यावरून ब्लॉकला काहीही झालेलं नाही. पिस्टनवर रिंगांच्या दोन खोबणींमध्ये जी अरुंद कड असते, रिंग लँड, ती तुटली असणार. ज्वलनाचा दाब रिंगांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये (क्रँकभोवतीच्या पेटीत) गेला, त्यानेच डिपस्टिक वर ढकलली. खात्री करायची तर लीक-डाउन टेस्ट कर. ७ नंबरमध्ये हवा भरल्यावर ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस ऐकू आली तर दुसरं काही शोधत बसू नकोस.

एलएसएचे पिस्टन ओतीव आहेत, हायपरयुटेक्टिक. सिलिकॉन भरपूर, त्यामुळे तापल्यावर कमी फुगतात, थंडीत आवाज करत नाहीत, रोजच्या गाडीला उत्तम. पण ठिसूळ. नॉक (इंधनाचा अवेळी भडका) सुरू झाला की वाकत नाहीत, सरळ टवका उडतो. शिवाय कंपनी रिंगेच्या टोकांमधली फट मूळ बूस्ट (सुपरचार्जरने भरलेल्या हवेचा दाब) धरून ठेवते. पुली लहान झाली, बूस्ट वाढला, उष्णता वाढली, रिंग लांबली, टोकाला टोक भिडलं. मग रिंगेला जायला जागा कुठे? ती कडच घेऊन निघते.

नाना, रागावू नका, पण लोखंडाने यातलं काय सुटलं असतं? एलएसएक्सच्या रिकाम्या ब्लॉकचं वजनच अ‍ॅल्युमिनियमपेक्षा ५० किलोच्या आसपास जास्त आहे, आणि ते सगळं पुढच्या चाकांवर. ही गाडी वळणात चांगली आहे म्हणून आपण तिच्या प्रेमात पडतो ना? १५०० हॉर्सपॉवरचा बेत असेल तर लोखंड जरूर घ्यावं. बंडूला तेवढी लागत नाहीये. (लागतेय का रे?)

४५४ची आणखी एक गंमत. ६.२ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात ३.१ लिटर हवा ओढतं, ७.४ लिटरचं ३.७. तुझा सुपरचार्जर १.९ लिटरचाच. तो फेऱ्यामागे ठरलेली हवा देतो, त्याला इंजिन केवढं आहे याचं काय! म्हणजे पुली तीच ठेवलीस तर बूस्ट आपोआप पडणार. मग तू पुली आणखी लहान करणार, रोटर आणखी जोरात फिरणार आणि हवा दाबली जाण्याऐवजी भाजून निघणार. वर तयार मिळणाऱ्या ४५४चं कॉम्प्रेशनचं प्रमाण ११:१, तुझ्या एलएसएचं ९.१:१. पंपावरच्या पेट्रोलवर ११:१ आणि बूस्ट एकत्र नांदवायचे म्हणजे रोज भांडण.

एलएस९ मात्र खरंच सुंदर इंजिन. फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन, टायटॅनियम रॉड, २.३ लिटरचा सुपरचार्जर, ६३८ हॉर्सपॉवर. पण ते कॉर्व्हेटसाठी बनलेलं आहे. ड्राय संप, म्हणजे ऑइलची टाकी वेगळी, ती कुठे ठेवणार? क्रँकच्या मागे ९ बोल्ट, तुझ्या क्रँकला ८, त्यामुळे फ्लेक्सप्लेटपासून (इंजिन गिअरबॉक्सला जोडणारी चकती) सुरुवात. एलटी४ तर विसरच. डायरेक्ट इंजेक्शन, कॅमशाफ्टवर चालणारा हाय-प्रेशर पंप, वेगळा कॉम्प्युटर. ते इंजिन बदलणं नाही, गाडीची मज्जासंस्था बदलणं आहे.

मी असते तर तुझाच ब्लॉक घेतला असता. सिलिंडरवर ओरखडे फार खोल नसतील तर होनिंग करून (आतून घासून) पाच हजारांश इंच मोठे फोर्ज्ड पिस्टन आणि फोर्ज्ड रॉड घाल. क्रँक मुळातच फोर्ज्ड आहे, ती नुसती तपासून घे. पिस्टन २६१८ धातूचे की ४०३२चे, हा प्रश्न मशीन शॉपवाला विचारेल. २६१८ जास्त सोसतो, पण जास्त फुगतो म्हणून सैल बसवावा लागतो आणि सकाळी सकाळी टकटक करतो. तू ट्रॅकवर जातोस, तर २६१८ घे आणि टकटकीवर मला मेल करू नकोस. रिंगेची फट बोअरच्या इंचामागे सहा हजारांश धर, म्हणजे तुला साधारण ०.६२ मिलिमीटर. हेडला बोल्टऐवजी स्टड.

आणि ऑइल कूलर फेकून दे. धू नकोस, फेक. त्याच्या नळ्यांत पिस्टनचा चुरा अडकलेला असतो आणि पहिल्याच तासात तो नव्या बेअरिंगवर येतो. बांधलेलं नवं इंजिन असं गेलेलं मी हातात धरून पाहिलंय.

पण हे सगळं करून ट्यूनिंग तेच ठेवणार असशील तर काही उपयोग नाही. कॉम्प्युटरने टिपलेल्या आकड्यांचा लॉग आहे का?

ताई

प्रेषक: बंडू

ताई, लीक-डाउन केली. फुसफुस कसली, शिट्टीच वाजली.

लॉग सापडला. ५८०० आरपीएमनंतर इंजेक्टर ९८ टक्के उघडे, आणि हवा-इंधनाचं प्रमाण ११.७ वरून १२.६ वर. हे वाईट आहे ना? ट्यूनरचं म्हणणं, “इतकं चालतं.” शिवाय इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) उघडला तर आत ऑइलचा थर.

बंडू

प्रेषक: ताई

वाईट आहे. आरपीएम वर जाता जाता पेट्रोल अपुरं पडत होतं, आणि इंजिन नेमकं तिथेच सगळ्यात तापतं. त्यात क्रँककेसमधून आलेलं ऑइल हवेत मिसळलं की पेट्रोलचा ऑक्टेन उतरतो. दोन्ही मिळून नॉक. तुझ्या एलएसएने केवढं सहन केलं ते बघ!

मोठे इंजेक्टर, इंधनाचा दुसरा पंप, कॅच कॅन (हे ऑइल अडवणारा डबा). पिस्टनच्या आधी यांची ऑर्डर दे. ई८५ वर (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं इंधन) जायचा विचार असेल तर आत्ताच सांग, त्याला साधारण ३० टक्के जास्त इंधन लागतं, म्हणजे इंजेक्टरचा आकारच बदलेल. आणि “इतकं चालतं” म्हणणाऱ्याकडे परत जाऊ नकोस.

ताई

प्रेषक: यादी व्यवस्थापक

विषयाच्या आधी [गाडी] असं लिहाल का? कार्यकारिणीच्या तिघांनी “इंजिन गेलं” वाचून अध्यक्षांनी राजीनामा दिला असं समजून फोन केले.

प्रेषक: नाना

बाईचं म्हणणं पटलं. लोखंड मागे घेतो. बंडू, इंजिन उतरवायला माझी क्रेन घेऊन जा, फक्त तिची मागची चाकं उजवीकडे ओढतात.

नाना

प्रेषक: बंडू

नाना, रविवारी सकाळी येतो. ई८५ नको ताई, पंपावरचंच पेट्रोल. ७ नंबरचा पिस्टन निघाला की फोटो टाकतो.

प्रेषक: ताई

फोटो नको, पिस्टनच आण. कड कुठल्या बाजूने तुटली ते मला बोटाने बघायचंय.