बेचाळीस सांगितलं, मुलीनं २४ लिहिलं : मे महिन्यातल्या प्रशिक्षणानंतर पडलेला प्रश्न

खाडीकाठची बाई | ८ जून

नमस्कार. मी देवगड तालुक्यात खाडीच्या काठावरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शाळा द्विशिक्षकी, पट १९. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. नोकरीला १७ वर्षं झाली.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आमचं पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं. जाताना माझं मन नव्हतं. घरी आंब्याची शेवटची उतरणी चालू होती, पेट्या भरायच्या होत्या, आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, सगळी कामं पडली होती. लाकडं आत घ्यायची, कोकमं वाळवायची, आणि आम्ही पन्नासेक शिक्षक पत्र्याच्या सभागृहात चार पंख्यांखाली. पहिले दोन दिवस लिंक उघडणं, हजेरीचे फोटो, पूर्वचाचणी यांत गेले. त्याचं वाईट वाटतं, कारण तिसऱ्या दिवशी सकाळी दीड तासात जे झालं त्याला आणखी वेळ मिळायला हवा होता.

सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्या, मॅडमनी मुलांच्या वह्यांची पानं आणली होती, नावं कापलेली. शिक्षकांनी संख्या तोंडी सांगितलेल्या, मुलांनी अंकांत लिहिलेल्या. बेचाळीसच्या जागी २४. त्रेसष्टच्या जागी ३६. एकोणतीसच्या जागी ३९. आम्हाला ती पानं तपासायची नव्हती. प्रत्येक चुकीसमोर एवढंच लिहायचं होतं की मुलानं काय ऐकलं असेल. आमच्या गटात पाच जण होतो, पाचही जणांनी लिहिलं 'निष्काळजीपणा', 'सराव कमी'. मॅडम आमच्यापाशी आल्या, कागद वाचला आणि मला म्हणाल्या, "बाई, बेचाळीस जरा सावकाश म्हणा."

मी म्हटलं. बे... चाळीस.

बे आधी येतो. मुलीनं बे ऐकला आणि २ लिहिला. चाळीस ऐकलं आणि त्याच्यापुढे ४ लिहिला. तिनं माझा शब्द जसा कानावर पडला तसा कागदावर उतरवला, आणि मी १७ वर्षं त्यावर लाल गोल करत आले. एकोणतीसचंही तसंच. त्यात तीस स्पष्ट ऐकू येतं, मग मूल ३ लिहितं. 'एकोण' म्हणजे एक उणा हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

त्या रात्री घरी आल्यावर माळ्यावरचं वह्यांचं गाठोडं काढलं. काही वर्गांच्या वह्या मी ठेवून दिल्या आहेत. सहा वर्षांपूर्वीच्या दुसरीतल्या एका मुलीच्या वहीत एकाच पानावर मी केलेले नऊ गोल निघाले. त्यातले सात उलट्या अंकांचे होते, आणि खाली माझ्या अक्षरात 'लक्ष देऊन लिही'. ती लक्ष देऊनच लिहीत होती. आता ती आठवीत आहे. तिची आई बाजारात भेटते तेव्हा सांगते, गणिताचं नाव काढलं की पोर रडवेली होते. सगळा दोष माझाच असं नाही म्हणणार, पण ते पान मी बाजूला काढून ठेवलं आहे.

आणखी एक आठवलं. गेल्या वर्षी चिरेखाणीवर काम करणाऱ्या कुटुंबातला एक मुलगा जानेवारीत माझ्या वर्गात आला. घरची भाषा कानडी. त्याला मराठी धड येत नव्हतं, पण दोन अंकी संख्या तो मनात कानडीत म्हणून बरोबर लिहायचा. मला वाटायचं, हुशार आहे. हुशार तर आहेच, पण कानडीत बेचाळीसला 'नलवत्तेरडू' म्हणतात, आधी चाळीस, मग दोन. ज्या क्रमानं म्हणायचं त्याच क्रमानं लिहायचं. आमच्या मुलांना मात्र ऐकायचं एका दिशेनं आणि लिहायचं उलट दिशेनं.

मॅडमनी २०१९ च्या बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकाची आठवण करून दिली. त्यात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन जुन्या नावांच्या जोडीला दिलं होतं. तेव्हा केवढा गदारोळ झाला, विधानसभेतही विषय गाजला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर मुलांच्या अडचणी समजावून सांगत होत्या, आणि मी शिक्षक असूनही तेव्हा म्हटलं होतं, आपण शिकलो नाही का? पुस्तक वर्गात आलं, मी ते पान वाचून पुढं गेले.

आता शाळा १५ जूनच्या सुमारास उघडेल. यंदा दुसरीत ६ मुलं आहेत. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. 'चाळीस दोन' आणि 'बेचाळीस' ही दोन्ही नावं एकत्र चालवावीत की आधी एक, मग दुसरं? पालकांना काय सांगावं? १ जूनपासून मासेमारी बंद, यांत्रिक नौका ३१ जुलैपर्यंत किनाऱ्यावर. त्यामुळे वाडीतले बाप्ये घरी असतात आणि याच दिवसांत वह्या बघतात. आणि तिसरं, ज्यांनी प्रशिक्षणातली एखादी गोष्ट दिवाळीच्या पुढे टिकवली, त्यांनी ती कशी टिकवली? जून-जुलैत माहिती भरण्यातच जीव जातो, तेव्हा मे महिन्यातलं सगळं निसटतं. यंदा निसटू द्यायचं नाही.

---

निवृत्त गुरुजी, गुहागर | ९ जून

बाई, तुमचं वाचून माझ्या वर्गातली किती तरी पोरं डोळ्यांसमोर आली. ३४ वर्षं शिकवलं, त्यातली निम्मी एकशिक्षकी शाळेत.

नावाच्या आधी वस्तू. माडाच्या झावळीचे हीर, म्हणजे पातीच्या मधल्या काड्या, काढा, वीतभर तुकडे करा, दहा-दहाचे गठ्ठे सुंभानं बांधा. चिंचोके, खडे यांचा दशक मोकळाच राहतो, सांडतो. हिरांचा गठ्ठा हातात धरता येतो, आणि वजाबाकीला लागला की मुलाला स्वतः सोडता येतो. हातचा का घेतात हे त्या सुंभाची गाठ सोडताना जितकं कळतं तितकं फळ्यावर कळत नाही. पंधरा दिवस मुलांनी फक्त 'चार गठ्ठे, दोन सुटे' म्हणावं. मग 'चाळीस दोन'. मग 'याला गावात बेचाळीस म्हणतात'.

पण बेचाळीस सोडू नका. पाढे त्या नावांवर उभे आहेत. 'सहा साती बेचाळीस' म्हणताना मूल अडखळलं तर पाढ्याची लयच जाते. उलट पाढ्याचा उपयोग करून घ्या. 'बे एके बे' मुलांना पाठ असतं, म्हणजे बे हा दोन आहे हे त्यांच्या तोंडात आहे, फक्त बेचाळीसशी त्याची गाठ घालून द्यायची. हे बेचाळीसला चपखल बसतं. बत्तीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर यांत तो 'ब' रूप बदलत जातो. ती नावं एकेक करून, महिनाभर पसरून घ्या.

'एकोण'नं सुरू होणाऱ्या नावांसाठी मी असं करायचो. तीन पूर्ण गठ्ठे मांडायचे, एका मुलाला त्यातला एक हीर काढून खिशात ठेवायला सांगायचं, आणि विचारायचं, 'तिसाला किती उणा?' सगळे ओरडायचे, एक उणा! एकोणतीस! एकोणनव्वदपर्यंत हे चालतं. नव्व्याण्णवला मोडतं, ते मुलांना सांगून टाकायचं. त्यांना ते आवडतं, एखादं नाव वेगळं वागतं हे.

आणि लिहून घेताना, संख्या पूर्ण ऐकेपर्यंत पेन्सिल पाटीवर आडवी. एवढ्या सवयीनं माझ्याकडे पुष्कळ फरक पडला.

---

सड्यावरची शाळा | ९ जून

मी राजापूर तालुक्यात तिसरी-चौथीला शिकवतो. माझा विरोध नाही, पण दुसरी बाजू मांडतो.

दुसरीतून माझ्याकडे आलेली तीन मुलं 'सत्तर आठ' म्हणायची. चांगलं लिहायची. पण मी अठ्ठ्याहत्तर म्हटलं की थांबायची, मनात उलथापालथ करून मग लिहायची. म्हणजे अडचण गेली नव्हती, एक वर्ष पुढं ढकलली होती. जे मूल मुळात मागं आहे त्याच्यावर दोन नावांचं ओझं पडतं. निपुण भारत या सरकारी अभियानाचं लक्ष्य बघा, पहिलीत ९९ पर्यंतच्या संख्या, दुसरीत ९९९ पर्यंत, तिसरीत ९९९९ पर्यंत. वेळ कुठून आणायचा?

माझ्या आधीच्या बाईंनी मनापासून शिकवलं होतं. त्यांची बदली झाली, मी आलो, आणि त्यांनी काय धरून शिकवलं होतं हे मला कोणी सांगितलं नाही. वहीत नोंद नव्हती. मी पहिल्या आठवड्यात त्या मुलांना 'असं म्हणायचं नाही' असं सांगितलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हा बाई, तुमच्या तिसरीच्या सरांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. नाही तर हे सगळं मार्चमध्ये संपेल.

---

मालवणकार | १० जून

बाईनूं, मी शिक्षक नाय, ट्रॉलरवर आसंय. सध्या होडी वर काढलेली, म्हणान येळ आसा.

माझो झील गेल्या वर्षी दुसरीत होतो. एक दिवस घराक इलो आणि 'पन्नास तीन' म्हणाक लागलो. माका राग इलो. माका वाटला, आमची पोरां गरीब म्हणान तेंका काय तरी अर्धवट शिकवतत. शाळेत भांडाक गेलंय. बाईंनी माका खुर्ची दिली, पाटी दिली आणि म्हणाले, 'मी सांगतंय ते लिवा.' धा आकडे सांगले. मी दोन चुकलंय. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी.

मगे बाईंनी विचारल्यानी, बंदरावर मासे कसे मोजतास? मी म्हटलंय, कोडीन. वीस झाले की एक कोडी. दोन कोडी आणि वर दोन. ते म्हणाले, बगा, तुमी पण मोठा आधी आणि सुटा मागसून सांगतास. ह्या माका पटला.

पालकांका नुसता सांगू नकात, करून दाखवा. आणि ह्येच दोन म्हयने बाप घराक गावतत, नारळी पुनवेनंतर कोण गावाचो नाय.

---

खाडीकाठची बाई | २७ जुलै

उशिरा लिहिते आहे. तुम्हा तिघांच्या सांगण्यावरूनच दीड महिना चालले.

हीर आमच्याच शाळेच्या माडाचे. सुंभ एका मुलाच्या आजोबांनी दिला. १०० गठ्ठे बांधायला मुलांना चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत पहिलीची मुलंसुद्धा दहापर्यंत बिनचूक मोजू लागली. हे मी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं.

सड्यावरचे सर, तुमचं म्हणणं मनाला लागलं. म्हणून मी 'चाळीस दोन' फक्त तीन आठवडे ठेवलं. आता रोज परिपाठानंतर पाच मिनिटं एकाच संख्येला देतो. फळ्यावर मधोमध ती संख्या, एका बाजूला तिचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला तिचं मराठी नाव, आणि त्या नावात कोण लपलंय ते मुलं शोधतात. तिसरीचे सर त्या पाच मिनिटांना वर्गात येऊन बसतात. मी एक साधी वही केली आहे, कोणती संख्या कधी घेतली, कोण कुठं अडलं. बदली झाली तर ती वही टेबलाच्या खणात राहील.

५ जुलैला पालकांना बोलावलं. नऊ बाप्ये आणि चार आया आल्या, पावसातून. मालवणकार, तुमच्यासारखंच केलं, पण पाट्या सगळ्यांना दिल्या म्हणजे कोणा एकाला ओशाळं वाटू नये. एका आईनं सगळ्या दहा संख्या बरोबर लिहिल्या. ती मासळी विकते, रोज हिशोब करते. तिला मी विचारलं तुम्ही कशा शिकलात, तर म्हणाली, "माका कोणी शिकवूक नाय बाई, पैसे मोजून शिकलंय." मग तिनंच इतरांना नोटांच्या हिशोबानं समजावलं. दहाच्या चार आणि सुटे दोन. माझ्यापेक्षा चांगलं समजावलं. पुढच्या शनिवारी तिला वर्गात बोलावलं आहे.

चिरेखाणीवरचा मुलगा पावसात गावी जातो, यंदाही गेला. दिवाळीनंतर आला तर त्याला मुलांसमोर कानडीत मोजायला सांगणार आहे. गेल्या वर्षी मी त्याला 'मराठीत म्हण' एवढंच सांगत राहिले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. माझी विनंती जिथं पोचेल तिथं पोचो. त्या तासांतले थोडे जुलैच्या शेवटी ठेवा, मुलांच्या ताज्या वह्या घेऊन. मे महिन्यात मला प्रश्न कळला, पण विचारायचं काय होतं ते आत्ता कळतंय, आणि आत्ता समोर मॅडम नाहीत. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मी २० मिनिटं मागून घेतली आहेत. सहा मुलांची पानं नेणार आहे.

सहापैकी चार मुलं आता उलट लिहीत नाहीत. एक मुलगा अजून लिहितो, पण लिहून झाल्यावर स्वतःच थांबतो, ओठांत काही तरी म्हणतो आणि खोडतो. मी त्याच्या वहीवर गोल करत नाही, शेजारी बसते.

एकोणसाठ आणि एकोणसत्तर मात्र सुटत नाहीत. साठ ऐकलं की ६ लिहिला जातोच, हीर खिशात ठेवूनसुद्धा. गुरुजी, तिसाला आणि चाळिसाला युक्ती चालली, साठाला का अडतं? कोणाकडे आणखी काही असेल तर लिहा.

---

निवृत्त गुरुजी, गुहागर | २८ जुलै

बाई, सहा गठ्ठे एकदम मोठे दिसतात, त्यातून एक हीर गेला तर डोळ्याला फरकच जाणवत नाही. एक हीर नुसता काढू नका. सहाव्या गठ्ठ्याची गाठ मुलाकडून सोडवून घ्या, मग एक काढा. पाच बांधलेले आणि नऊ सुटे समोर पडले की ५ आपोआप दिसतो. आठवडाभर करा आणि कळवा.

त्या मासळीवाल्या ताईंना माझा नमस्कार सांगा.